बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो तेव्हा

बोका वाळूच्या ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, उठतो आणि दोन पावलं जाऊन पुन्हा तिथेच येऊन बसतो. घरातली माणसं म्हणतात, याला शी होत नाहीये. मग कुणी चमचाभर एरंडेल पाजतं, कुणी दुधात तूप घालून देतं आणि शेवटी ठरतं की आजची रात्र बघू, सकाळी नेऊ डॉक्टरकडे. नर मांजराच्या बाबतीत ही एक रात्र जिवावर बेतू शकते. असं कुंथणारं मांजर बहुतेक वेळा शीसाठी नव्हे, लघवीसाठी कुंथत असतं. मूत्रमार्ग बंद झालेला असला, तर फार तर एक-दोन दिवस हाताशी असतात.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे इतका निमुळता होतो की तिथली पोकळी एक मिलिमीटरही भरत नाही. बारीक खडा, रेती किंवा चिकट स्राव आणि स्फटिक मिळून झालेला बोळा तिथे अडकला, की वाट बंद. लघवी मूत्राशयात साठत राहते, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाची गती मंदावते. मांजर आधी ओरडतं, खालचा भाग सारखं चाटतं. मग उलट्या होतात, खाणं सुटतं, आणि नंतर ते एका कोपऱ्यात गप्प पडून राहतं. घरच्यांना वाटतं, आता दुखायचं थांबलं. प्रत्यक्षात ती शेवटची पायरी असते. पोटाच्या खालच्या भागात लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा हाताला लागतो. तो दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये, मूत्राशय फुटू शकतं. भाटीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्यामुळे तिची वाट सहसा अशी बंद होत नाही, पण त्रास तिलाही तेवढाच होतो.

ओळख साधी आहे. ट्रेमध्ये ओल दिसते का ते पाहावं. थेंब थेंब का होईना, लघवी होत असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावं. बोका वारंवार बसतोय आणि ट्रे कोरडा आहे, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावं.

सुदैवाने बहुतेक मांजरांची वाट बंद होत नाही. त्यांचा त्रास वेगळा असतो. चार दिवस रक्तमिश्रित लघवी, गादीवर, पायपुसण्यावर, कधी थेट स्वयंपाकाच्या ओट्याजवळ थेंब. मग आपोआप बरं. आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. ठाण्यातल्या खोपट, पाचपाखाडी, कोलबाडच्या सोसायट्यांत मांजर पाळणाऱ्यांशी बोललं, तर या सगळ्याला एकच नाव ऐकू येतं: युरिन इन्फेक्शन. त्यामागोमाग अँटिबायोटिकचा कोर्स येतो. पाच दिवसांत मांजर बरं होतं, औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटतं, आणि पुढच्या खेपेला तीच गोळी उरलेल्या पाकिटातून काढली जाते.

इथेच गफलत आहे. दहा वर्षांच्या आतल्या, एरवी धडधाकट मांजरांत जंतुसंसर्गामुळे लघवीचा त्रास होण्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत शंभरात पाचाच्याही आत निघतं. मूतखडे शंभरात साधारण पंधरा-वीस जणांत सापडतात, काहींत मूत्रमार्गातला बोळा. उरलेल्या निम्म्याहून अधिक मांजरांत लघवीची तपासणी, कल्चर, एक्स-रे, सोनोग्राफी सगळं करूनही ठोस कारण हाती लागत नाही. मूत्राशय आतून सुजलेलं, लाल, दुखरं असतं. जंतू मात्र नसतात. डॉक्टर याला फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस किंवा नुसतं एफआयसी म्हणतात. या आजाराचा एक झटका बहुतेक मांजरांत आठवड्याभरात औषधाविनाही ओसरतो. म्हणजे त्या पाच दिवसांत बरं वाटलं, त्याचं श्रेय अँटिबायोटिकचं नव्हतं. २०१९ साली प्राण्यांच्या संसर्गरोगांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी याबाबत स्पष्ट मार्गदर्शन केलं: कल्चरमध्ये जंतू दिसल्याशिवाय अशा मांजरांना अँटिबायोटिक देऊ नये. वारंवार दिलेल्या अर्धवट कोर्सनी जंतू मात्र निर्ढावतात. खरा संसर्ग म्हातारपणी येतो, तेव्हा त्याच गोळ्या निकामी ठरतात. दहाच्या पुढच्या मांजरांत, विशेषतः मूत्रपिंड थकलेल्या किंवा मधुमेह असलेल्यांत, जंतुसंसर्ग खरोखरच वाढतो. म्हणून वय पाहून शंका घ्यायला हवी.

एफआयसीच्या मांजराला त्या चार-पाच दिवसांत खरी गरज असते ती वेदनाशामकाची, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं असतं. हे ठासून सांगायला हवं, कारण तापावर, अंगदुखीवर घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे. ते औषध निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात जवळजवळ नसते. अर्ध्या गोळीनेही रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि मांजर दगावतं. आयब्युप्रोफेनही मांजरासाठी विषच.

मूत्राशय कारणावाचून का सुजतं, या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. १९७०च्या दशकात पशुवैद्यक या सगळ्याला एकच रोगसमूह समजत, आणि दोष कधी विषाणूंना, कधी कोरड्या खाण्यातल्या क्षारांना दिला जाई. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी पुढची अनेक वर्षं याच मांजरांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की रोगी मांजरांच्या मज्जासंस्थेतली धोक्याची घंटा सतत वाजत असते, आणि तिला आवर घालणारी अधिवृक्क ग्रंथी मात्र लहान आणि दुबळी असते. मूत्राशयाच्या आतला संरक्षक थर विरळ झालेला असतो, त्यामुळे तीव्र लघवी भिंतीला झोंबते. अनेकांना जोडीने पोटाचे, त्वचेचे त्रासही असतात. म्हणून २०११ मध्ये बफिंग्टन यांनी याला ‘पँडोरा सिंड्रोम’ असं नाव सुचवलं: आजार दिसतो मूत्राशयात, मूळ असतं साऱ्या शरीरात आणि भोवतालात.

त्याच वर्षी त्यांच्या चमूने केलेलं एक निरीक्षण प्रत्येक मांजरवाल्याने वाचावं असं आहे. वीस रोगी आणि बारा निरोगी मांजरं दीड वर्षाच्या आसपास एकाच जागी, ठरलेल्या दिनक्रमात ठेवली होती. ज्या आठवड्यांत हा दिनक्रम बिघडला, म्हणजे सांभाळणारी व्यक्ती बदलली, खाण्याच्या वेळा हलल्या, त्या आठवड्यांत ट्रेबाहेर लघवी-शी करणं, न खाणं, उलट्या, असं सगळं साधारण तिपटीने वाढलं. तेही दोन्ही गटांत. निरोगी मांजरंही नुसत्या बदलाने आजारल्यासारखी वागली. त्याआधी २००६ मध्ये याच चमूने घरगुती ४६ एफआयसी मांजरांच्या मालकांना औषधाऐवजी घराची मांडणी बदलायला मदत केली. लपायला जागा, चढायला जागा, स्वच्छ ट्रे, पाणी, खेळ, आणि इतर मांजरांशी होणाऱ्या भांडणांवर उपाय. दहा महिन्यांच्या पाठपुराव्यात लघवीचे त्रास तर घटलेच, भित्रेपणा आणि चिडचिडही कमी झाली.

आता हे सगळं खोपटच्या घरात आणून पाहू. दीड-दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडक्यांना ग्रिल आणि कबुतरांसाठी लावलेली जाळी. एसटी स्थानकाकडून येणारा हॉर्नचा आवाज. मांजराचा ट्रे बाथरूममध्ये वॉशिंग मशीनच्या बाजूला, कारण दुसरीकडे जागाच नाही. मांजर ट्रेमध्ये बसलेलं असताना एकदा मशीनने स्पिन घेतला, की त्याच्या लेखी ती जागा धोक्याची ठरते. मग ते लघवी अडवून धरतं किंवा गादी शोधतं. सिद्धेश्वर तलावाकडच्या बैठ्या घरांत वेगळीच अडचण: बाहेरचा दांडगा बोका रोज संध्याकाळी खिडकीशी येऊन गुरगुरतो, भिंतीवर पिचकारी मारून जातो आणि आतल्या मांजराचा जीव वर येतो. माणसांना हे भांडण दिसतही नाही.

न्यूझीलंडमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लघवीच्या आजाराशी जोडल्या गेलेल्या गोष्टींमध्ये दोन आपल्याला फार ओळखीच्या आहेत: गेल्या तीन महिन्यांत घर बदललेलं असणं आणि आधीच्या महिन्यात पावसाचे दिवस जास्त असणं. ठाण्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात, कुटुंब दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातं, मग पुन्हा नव्या टॉवरमध्ये येतं. माणसांसाठी ही सोय असते. मांजरासाठी ओळखीचा एकूण एक वास दोनदा पुसला जातो. आणि पाऊस तर इथे चार महिने. बाहेर जाणारं मांजर घरात अडकतं, ट्रेमधली वाळू दमट होते, वास धरते, आणि ते तिच्यात पाय ठेवायला तयार होत नाही. त्यात दहीहंडीचे डीजे, विसर्जनाच्या मिरवणुका, दिवाळीचे फटाके. ज्या मांजराला आधी त्रास झालेला आहे, त्याच्या घरी या दिवसांची तयारी आधीच व्हायला हवी. रस्त्यापासून लांबची खोली, बंद खिडक्या, त्याच खोलीत ट्रे, पाणी आणि त्याची जुनी, न धुतलेली चादर.

इथे एका गैरसमजाकडे वळायला हवं, कारण त्याच्यापायी मांजरं मार खातात आणि रस्त्यावर सोडली जातात. “मुद्दाम करतो, आम्ही गावाला गेलो होतो ना, त्याचा राग काढतोय,” असं मालक म्हणतात. मालक गावाला गेले आणि मांजराने गादी ओली केली, हे खरंच घडतं. पण त्यामागे राग नसतो, आजार असतो. दिनक्रम मोडला, मूत्राशय सुजलं, ट्रेमध्ये बसताना दुखलं, म्हणून मांजराने मऊ, थंड, वेगळी जागा निवडली. त्याला रपाटा मारला किंवा त्याचं नाक ओल्या जागी घासलं, की भीती वाढते आणि भीतीबरोबर आजारही. उभं राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर पिचकारी मारणं ही मात्र निराळी गोष्ट. ते हद्दीची खूण करणं आहे, आणि नसबंदीने ते बहुतेक बोक्यांत थांबतं.

नसबंदीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक भीती दूर करायला हवी. लवकर नसबंदी केली की बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद राहतो आणि पुढे तुंबतो, असं आजही सांगितलं जातं. १९७२ मध्येच अमेरिकेत हे मोजून पाहिलं गेलं. नसबंदी केलेल्या आणि न केलेल्या बोक्यांच्या मूत्रमार्गाच्या व्यासात फरक आढळला नाही. धोका वाढवतो तो नसबंदीनंतरचा लठ्ठपणा आणि दिवसभर लोळणं. त्यावर उपाय मोजून खाणं आणि रोज दोन वेळा दोरीमागे पळवणं.

घरात काय बदलायचं, याची सुरुवात ट्रेपासून करावी. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि ते शेजारी शेजारी न ठेवता वेगवेगळ्या जागी, हा जगभर सांगितला जाणारा नियम. छोट्या घरात तो पाळणं कठीण आहे हे मान्य. तरीही एका मांजराला दोन ट्रे, एक बाल्कनीत आणि एक पलंगाच्या कडेला, एवढं बहुतेक घरांत जमतं. बाजारातले ट्रे मांजराच्या मानाने तोकडे असतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट ट्रे हवा. त्यासाठी कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा, उथळ डबा चांगला आणि स्वस्त पडतो. सुगंधी वाळू माणसांना आवडते, मांजराला नको असते. दिवसातून दोनदा साफ करणं, पावसाळ्यात वाळू पूर्ण बदलण्याचे दिवस जवळ आणणं, आणि साफ करताना फिनाइलसारखं उग्र काही न वापरणं, एवढं पुरतं.

उंच जागेच्या बाबतीत आपली जुनी घरं नशीबवान आहेत. पोटमाळा, लोखंडी कपाटाचा माथा, दारावरची फळी, या सगळ्या जागा मांजराला हव्याच असतात. तिथे एक गोणपाट टाकावं आणि खाली उतरायला स्टूल ठेवावं. घरात दोन मांजरं असतील, तर दोघांचं पाणी, खाणं आणि ट्रे एकमेकांच्या नजरेआड असावं. एक मांजर दाराशी नुसतं बसून दुसऱ्याला ट्रेपर्यंत जाऊ देत नाही, आणि आपल्याला वाटतं दोघं शांत बसली आहेत.

यानंतर पाणी, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. मांजराचा पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातला रानमांजर. उंदरासारख्या भक्ष्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यावर त्याचं भागे. म्हणून मांजराला तहान कमी लागते आणि लघवी अतिशय दाट असते. पिशवीतल्या कोरड्या कॅट-फूडमध्ये पाणी दहा टक्क्यांच्या आत; ती तूट मांजर पाणी पिऊन पूर्ण भरून काढत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एफआयसीच्या मांजरांना वर्षभर एकाच प्रकारचं खाणं दिलं, फक्त काहींना कोरडं आणि काहींना ओलं. कोरड्यावरच्या ३९ टक्के मांजरांना आजार उलटला, ओल्यावरच्या फक्त ११ टक्क्यांना. मांजरं थोडी होती, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे.

रोज पाऊच देणं सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही. मग कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून द्यावं, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते तासाभरापेक्षा जास्त उघडं ठेवू नये. कोंबडीचं किंवा माशाचं उकडलेलं पाणी, मीठ-मसाल्याविना, वरून घालावं. त्यात कांदा-लसूण मुळीच नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. पाण्याची भांडी रुंद, काठोकाठ भरलेली, ट्रेपासून आणि खाण्याच्या ताटलीपासून दूर, घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. बऱ्याच मांजरांना बादलीतलं किंवा नळाचं गळतं पाणीच आवडतं. तर तेच प्यायला द्यावं. दूध-भात आणि सुकट-जवळ्यावर वाढवलेल्या मांजराला मात्र हळूहळू समतोल खाण्याकडे आणावं. एका दिवसात खाणं बदललं, तर तोही बदलच, आणि मांजर उपाशी राहतं. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृताला धोका होतो.

खड्यांचं गणित थोडं वेगळं आहे. मांजरांत मुख्यतः दोन जातींचे खडे सापडतात. स्ट्रुव्हाइट हा खास आहाराने दोन ते पाच आठवड्यांत विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाही, काढावाच लागतो. अमेरिकेतलं मिनेसोटा युरोलिथ सेंटर १९८१ पासून खड्यांची तपासणी करतं. तेव्हा मांजरांचे तीन चतुर्थांशाहून अधिक खडे स्ट्रुव्हाइटचे होते. कंपन्यांनी खाण्यातलं मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्लधर्मी होईल अशी रचना केली, आणि पुढच्या वीस वर्षांत ऑक्झलेटचे खडे निम्म्याहून अधिक झाले. म्हणूनच मूतखड्यावरची माणसांची औषधं, लिंबू, व्हिनेगर असे प्रयोग घरी करू नयेत. एका खड्यापासून सुटका करताना दुसऱ्याला आमंत्रण मिळतं. डॉक्टरांनी लघवीच्या आजाराचं खास खाणं सुचवलं, तर तेच, आणि त्याच्या जोडीला दही-भात किंवा बांगड्याचं डोकं नाही. रिपोर्टमध्ये ‘क्रिस्टल्स’ असं नुसतं लिहिलं म्हणून घाबरायचंही कारण नाही. निरोगी मांजरांच्या दाट लघवीतही स्फटिक असतात, आणि नमुना फ्रीजमध्ये किंवा लॅबच्या वाटेवर काही तास राहिला तर ते बाटलीतच तयार होतात. नमुना ताजा तपासला होता का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

लघवी तुंबलेल्या बोक्याला सलाईन, रक्तातल्या क्षारांची तपासणी, भूल आणि मूत्रमार्गात घालायची नळी हे सगळं एकाच जागी मिळायला हवं, आणि प्रत्येक गल्लीतल्या दवाखान्यात ते नसतं. आपल्या भागात रात्री कोण पाहतं, हे मांजर धडधाकट असतानाच फोन करून विचारून ठेवावं आणि नंबर फ्रीजवर चिकटवावा. ठाणेकरांना मोठा आधार मुंबईचा आहे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय ज्या संस्थेचं आहे, ती १८७४ पासून काम करते. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांसाठीचं रुग्णालय २०२४ मध्ये उघडलं. पण खोपटहून तिथवर पोचायला दिवसाच्या गर्दीत तास-दीड तास सहज जातो, तेव्हा जवळच्या डॉक्टरांकडे निदान पहिला उपचार करून घेऊन निघणं बरं.

नळी काढून घरी आलेल्या बोक्याकडे पहिला आठवडा डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. निरनिराळ्या अभ्यासांत दहातल्या एक ते चार बोक्यांचा मार्ग पुन्हा बंद झालेला आढळतो, आणि बरेचसे पहिल्या काही दिवसांतच. रोज किती वेळा, साधारण किती लघवी झाली, हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायला नेमकं काही असतं. वारंवार तुंबणाऱ्या बोक्यावर शेवटचा उपाय म्हणून शस्त्रक्रिया करतात. मूत्रमार्गाचं निमुळतं टोक काढून रुंद भागालाच नवी वाट करून देतात. त्यानंतर तुंबण्याचा धोका बराच कमी होतो, पण मूत्राशयाची सूज तशीच येत-जात राहू शकते. शिवाय वाट आखूड झाल्यामुळे जंतू आत शिरणं सोपं होतं, म्हणून पुढे दर काही महिन्यांनी लघवीचं कल्चर करून घ्यावं लागतं, आणि जास्तीचा ट्रे, ओलं खाणं, माळ्यावरचं गोणपाट हे सगळं तसंच चालू ठेवावं लागतं.